चाळणीत आलेला बादशहा

माझ्या आत्याचं घर ज्या देवीनं अडवलं, तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते शिरूरच्या एसटी डेपोसमोर, फ्लेक्सवर. डाव्या बाजूला साखर कारखान्याचे संचालक, ज्यांना अख्खा नदीकाठ आप्पा म्हणतो, हात जोडून उभे. उजव्या बाजूला त्यांचे चिरंजीव, गॉगल लावून, हात न जोडता. आणि मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढी गोल, करडी, खुर्चीवर बसलेली एक बाई. तिच्या एका हातात लांब काठी. दुसऱ्या हातात ऊस म्हणा, डहाळी म्हणा, केरसुणी म्हणा, असं काहीतरी. खाली मजकूर: 'स्वयंभू श्री ऊसवाली आई, भव्य प्राणप्रतिष्ठा सोहळा.' त्याच्याखाली शुभेच्छुकांचे इतके चेहरे की देवीला बसायला जागा उरली हाच चमत्कार.

देवी खुर्चीवर कधीपासून बसायला लागली, हा प्रश्न डेपोत कुणालाच पडलेला दिसत नव्हता. आपल्याकडे खुर्चीवर बसलेल्याला प्रश्न विचारायची पद्धत नाही.

एरवी मी हसून एसटीत चढले असते. पण आदल्या दिवशीच आत्याचा फोन आला होता. "बये, माझ्या सैपाकघरात देवी निघालीया. काम बंद पाडलंय समद्यांनी. तू ती कागदं वाटत फिरती ना गावभर? मग एक कागद हितं बी वाट."

कागद म्हणजे पत्रकं. शिरूरमध्ये आम्ही काही पोरं-पोरी मिळून ती काढतो. रेशनवर, नळाच्या पाण्यावर, अडवून ठेवलेल्या दाखल्यांवर. मी कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झाले खरी, पण लिहायला शिकले पत्रकांवर. मोठ्या टाइपात आरोप, बारीक टाइपात पुरावा आणि शेवटी 'बहुसंख्येने उपस्थित राहा'. पुरावा बारीक टाइपात का, असं कुणी विचारलं की आम्ही म्हणायचो, जागा कमी पडते.

आत्याचं गाव भीमेला चिकटून आहे. नदीच्या एका अंगाला राहू, दुसऱ्या अंगाला वडगाव रासाई, त्याच टापूतलं. नाव लिहीत नाही. लिहिलं तर ते म्हणतील बदनामी केली, आणि शेजारची गावं म्हणतील, आमचं का न्हाई लिहिलं, आमच्यात काय कमी हाय?

आत्या अंगणवाडीत मदतनीस आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. बौद्धवस्तीच्या टोकाला पत्र्याच्या एका खोलीत राहायची, आणि खोलीत चूल पेटवली की माणूस भाजायचा म्हणून स्वयंपाक बाहेर, दगडांवर, वाकून. हेलपाटे घालून घालून तिचं घरकुल मंजूर झालं. पाया खणायच्याही आधी तिनं एक गोष्ट विकत आणली. ओट्यासाठी कडप्पा. तो पत्र्याला टेकवून, गोणपाटानं झाकून ठेवला होता. घरी येणाऱ्याला ती आधी गोणपाट उचलून कडप्पा दाखवायची, मग पाणी द्यायची.

"जलम गेला वाकून," म्हणायची. "आता उभ्यानं भाकरी थापणार."

भिंती खिडकीच्या वर गेल्या होत्या. मुदतीत स्लॅब पडला नाही तर मंजुरी रद्द आणि नाव पुन्हा यादीच्या तळाला, असं ग्रामसेवकानं तिला दोनदा बजावलं होतं. अशा वेळी ही देवी आली.

आली कशी, ते आत्याच्याच तोंडून ऐकलं. नव्या घराच्या आतल्या खोलीत ती वाळू चाळत होती. गवंड्याला माल कालवायला बारीक वाळू लागते, म्हणून उभ्या जाळीवर फावड्यानं वाळू फेकायची, बारीक पलीकडं पडते, गोटे-शिंपले अलीकडं घरंगळतात. त्या शिंपल्यांत एक काळी गोल चकती आली. तिनं ती राखेनं घासली. एका बाजूला माणसाचं तोंड निघालं, दुसऱ्या बाजूला बसलेली बाई.

गवंडी उत्तर प्रदेशातला. तो बघून म्हणाला, "चाची, ये तो कोई राजा है." आत्यानं शेजारणीला दाखवलं, शेजारणीनं नवऱ्याला सांगितलं, आणि चूल विझायच्या आत आप्पांची गाडी वस्तीत. बौद्धवस्तीत आप्पांची गाडी मतदानाच्या आदल्या आठवड्याशिवाय कधी आली नव्हती. त्या अर्थानं चमत्कार झालाच होता.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात देवघरात टाक असतात. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले देव, रुपयाएवढे, सुपारीएवढे. कुळाचा देव, कुळाची देवी, आणि घरात कुणी लढाईत पडला असेल तर त्याचाही टाक. त्यामुळे चांदीचा तुकडा आणि त्यावर उठवलेलं माणूस दिसलं की आमच्याकडच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही. हात आपोआप जोडले जातात. आप्पांचे जोडले गेलेच. त्यांनी चकती रुमालात घेतली, उलटी केली, सुलटी केली, आणि निकाल दिला.

"ह्यो आमचा मूळपुरुष. फेट्याचा शेमला बघा मागं, मानंवर. गालावर तलवारीचा वार बघा. रणात पडलेला दिसतोय. आन् ही मागं बसल्याली आई. हातात ऊस."

कुणीतरी कडेची अक्षरं दाखवली. आप्पा म्हणाले, "मोडी हाय. आमच्या घरात लई मोडी कागद हायेत." त्यांना मोडी वाचता येत नाही, हे साऱ्या गावाला माहीत. पण ज्याला येतं असा एकही माणूस गावात नव्हता, त्यामुळे आप्पाच गावातले मोडीतज्ज्ञ.

आत्याच्या नव्या घराच्या आतल्या खोलीत, जिथं ओटा यायचा बरोबर त्याच कोपऱ्यात, तिच्याच विटा रचून चौथरा केला. चकतीला शेंदूर. वर झेंडा. जिथं सापडलं ते देवीचं ठाणं, आता तिथली वीट हलवायची नाही. आत्याला ओढ्याच्या कडेला दुसरी जागा देऊ म्हणाले. त्या जागेत पावसाळ्यात म्हशीसुद्धा बसत नाहीत.

मी पोचले तेव्हा आतल्या खोलीत नारळाची रास आणि आत्या बाहेर कडप्प्याशेजारी बसलेली. आप्पांच्या माणसांपैकी एक जण दारात उभा होता, मला बघून म्हणाला, "या ताई. दर्शनाला का भांडायला?"

"आधी दर्शन. मग बघू."

दर्शन म्हटल्यावर कुणाला अडवता येत नाही. मी वाकले, पदराच्या टोकानं, म्हणजे ओढणीनं, शेंदूर पुसला आणि दोन्ही बाजूंचे फोटो मारले. तो गडबडला. "अहो, शेंदूर काय पुसताय!"

"आईला दिसत नव्हतं," म्हटलं. "डोळ्यांत गेला होता."

बाहेर आप्पा आलेच होते. वय साठीचं, पांढरं स्वच्छ, आवाज मऊ. मऊ आवाजाचा माणूस आमच्या पत्रकात कधी नीट बसत नाही. मी म्हणाले, "आप्पा, हे बौद्धाचं घर. आमच्यात देव बसवत नाहीत."

ते हसले. "पोरी, तुमच्या आज्या-पणज्यांनी धर्म बदलला तवा घरातलं देव, टाक, समदं टोपल्यात घालून नदीत सोडलं. म्हाताऱ्या माणसांनी बघितलंय. ते काय उगं बसत्यात व्हय? परत आलं. आन् आलं ते बी बरोबर तुमच्याच दारात. आता मी काय करू?"

भोवतीच्या माणसांनी माना हलवल्या. मला राग आला तो यासाठी की वाक्य चांगलं होतं. आमच्या म्हाताऱ्यांनी देव नदीत सोडले, ते वाजतगाजत, शुद्धीत, विचार करून. वस्तीत ती गोष्ट अजून अभिमानानं सांगतात. त्याच अभिमानाला या माणसानं एका वाक्यात गुन्हा करून टाकलं होतं, आणि शिक्षा म्हणून आत्याचं स्वयंपाकघर.

शिरूरला परत येऊन मी फोटो पुण्याला पाठवले. माझ्या ओळखीची एक बाई जुन्या नाण्यांचा अभ्यास करते. तिचा फोन लगेच आला, आणि आवाज असा की लॉटरी मला नाही, तिला लागली आहे.

"अगं, हे कुठं मिळालं तुला?"

"देवळात. कालच झालेल्या."

"हा रोमचा बादशहा आहे! चांदीचं नाणं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. अशी नाणी जहाजांतून आपल्याकडे यायची, मिरी, कापड, मणी घ्यायला. डोक्यावर पानांचा मुकुट आहे बघ, मागं त्याच्या फिती बांधल्यात."

"आमच्याकडे त्याला शेमला म्हणतात."

"काय?"

"काही नाही. बाई कोण?"

"बहुतेक त्याची आई. शांतीदेवतेच्या रूपात बसवलीय, असं मानतात. एका हातात राजदंड, दुसऱ्यात डहाळी."

"ऊस नाही?"

"रोममध्ये ऊस?" ती खूप वेळ हसली. मग मी अक्षरांचं विचारलं. ती म्हणाली, एका बाजूला बादशहाचं नाव, आणि तो देव झालेल्या बापाचा मुलगा असल्याचं लिहिलंय. मागच्या बाजूला, आईच्या भोवती, की मुख्य पुरोहितही आपणच.

मी फोन धरून रस्त्यातच उभी राहिले. स्वतःचं तोंड पुढं, आई मागं, बाप देव, आणि देवस्थानचे अध्यक्ष आपणच. हे नाणं नव्हतंच. हा फ्लेक्स होता. फरक एवढाच की रोमच्या माणसानं चिरंजिवांना गॉगल घालून कोपऱ्यात छापलं नव्हतं.

"आणि गालावरचा वार?"

"तो वार नाही, छिन्नी आहे. भारतात सापडलेल्या अशा बऱ्याच नाण्यांवर हे काप असतात. आत तांबं घालून वरनं चांदीचा मुलामा दिलाय का, ते बघायला आपल्याच लोकांनी मारलेले असावेत."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो बी.ए.च्या निकालाला झाला नव्हता. समुद्रापलीकडून एका बादशहाचं तोंड आलं, आणि इथल्या कुणीतरी, सराफ असेल, व्यापारी असेल, ते तोंड ऐरणीवर ठेवलं आणि गालावर छिन्नी घातली: बाबा रे, देव झालेल्या बापाचा मुलगा असशील, पण आतून चांदी आहेस का ते आधी बघू. त्याच नदीकाठी आता आम्ही त्या घावावर शेंदूर भरत होतो.

पुण्याची बाई शेवटी म्हणाली, "हे तहसीलदारांना कळवावं लागेल हं. कायदा आहे. कदाचित येऊन जागा बघतील, आजूबाजूला खणतीलही." ते मी तेव्हा कानाआड केलं. मला मथळा सुचत होता.

पण मथळा एकट्यानं कधीच सुचत नाही. आमच्या वॉर्डातले निवृत्त गुरुजी, ज्यांच्या ओसरीवर आमची पत्रकं तपासली जातात, त्यांनी फोनवरचा फोटो डोळ्यांजवळ नेला.

"ही पिंपळाची पानं आहेत. डोक्यावर. आणि ही बाई म्हणजे मायादेवी. बुद्धांचा जन्म झाला तेव्हा हातात फांदी होती की नाही?"

"गुरुजी, मायादेवी उभ्या असतात."

"इथं बसल्यात. दमल्या असतील."

"आणि ही अक्षरं रोमची आहेत."

"ब्राह्मी आहे. झिजलीय." मग त्यांनी योजना सांगितली. बुद्धकालीन अवशेष म्हणून पत्रक काढायचं, जिल्हाभर वाटायचं, निधी मिळवायचा आणि त्याच जागेवर विहार. "आप्पाला परस्पर उत्तर मिळतं बघ."

"त्या जागेवर आत्याचा ओटा आहे."

"अगं, एवढ्या मोठ्या कार्यापुढं ओटा काय घेऊन बसलीस? तिलासुद्धा अभिमान वाटेल. तू आपल्या बाजूची की त्यांच्या?"

"मी आत्याच्या बाजूची."

गुरुजी आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. जय-पराजय राहू द्या, पण एक गोष्ट मला त्या ओसरीवर बसून दिसली. आप्पांना त्या चेहऱ्यात आप्पांचे पूर्वज दिसले, गुरुजींना गुरुजींचे. बादशहा बिचारा दोघांकडेही बघत नव्हता. नाण्यावर तो एका बाजूला तोंड करूनच असतो.

मी पत्रक लिहिलं. मथळा: 'ऊसवाली आई नव्हे, परदेशी बादशहाची आई!' ते घेऊन न्हावऱ्यावरनं गाडी बदलत आत्याकडे गेले आणि तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती नारळाचं खोबरं आणि गूळ खात शांतपणे ऐकत होती. देवीला आलेला प्रसाद तिच्याच दारात वाटत होते, आणि अन्नाशी तिचं वैर नव्हतं.

"छान लिवलंय," म्हणाली. "आता मला एक सांग. देवी असली तर काम बंद?"

"हो."

"गुर्जींचा बुद्ध निघाला तर हितं विहार. म्हंजी काम बंद."

"हो."

"आन् तुझा ह्यो रोमचा निघाला, तर सायेब येणार, दोऱ्या बांधणार, खणणार."

"कदाचित."

"म्हंजी काम बंद. मग ह्यात माझं काम चालू कवा हुतंय, ती कुठं लिवलंय ह्या कागदात?"

बारीक टाइपातही लिहिलेलं नव्हतं. मी पत्रक घडी करून ठेवलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात. विषय एकच, देवस्थानाला जागा देणे. पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं सतरंजीवर बाया, आणि सगळ्यांसमोर हातांच्या मोठ्या खुर्चीत आप्पा. कुणीतरी सत्काराला दिलेला ऊस अजून त्यांच्या हातात होता. मी आत्याला कोपरानं ढोसलं. तीही बघत होती.

"ताई शिरूरवरनं आल्यात," आप्पा म्हणाले. "शिकलेल्या हायेत. त्यांना आधी बोलू द्या."

हा त्यांचा मऊपणा. मी उठले आणि सांगितलं, की हे दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमचं नाणं आहे.

"रोम कुठं आलं?" पहिल्या रांगेतून एक जण. "फलटणच्या पल्याड का?"

"समुद्रापलीकडं."

"मग हितं कसं आलं? येष्टीनं?"

पटांगण हसलं. बायासुद्धा हसल्या. मी जहाजांचं सांगायला लागले तर दुसरा म्हणाला, "ताई, भीमेत पाणी ऱ्हाईना, जहाज कुठलं आणता?" त्यावर मलाच हसू आलं, आणि पत्रकवाली माणूस भाषणात हसली की संपलंच. मी खाली बसले. आत्या पुटपुटली, "झालं?"

झालं नव्हतं. हसणारी सभा आपली झाली असं वाटलं की आमच्याकडच्या पुढाऱ्याला राहवत नाही. आप्पांना आता श्रेय हवं होतं. ते उठले. आई कुणाच्याही घरी येत नाही, पुण्याई लागते, वगैरे झालं. मग म्हणाले:

"लोक म्हणत्यात, आई वस्तीत निघाली. अरं, पर आली कुठनं? ही गरीब बाई घर बांधती म्हणून वाळू कुणी दिली? मी दिली! माझी ट्रॉली, माझा डायव्हर, माझ्या पात्रातली वाळू! त्या वाळूतनं आई चाळणीत आली. म्हंजी ती आधी माझ्याकडंच हुती. माझ्या हातनं ती गावाला मिळाली!"

टाळ्या पडल्या. आप्पा बसले. ऊस मांडीवर.

तेव्हा पुढच्या रांगेतले आबा काठी टेकत उठले. आबा म्हणजे गावातलं सगळ्यात म्हातारं माणूस. रोज सकाळी वस्तीत येऊन त्या विटांसमोर डोळे मिटून बसणारे तेवढे एकच. बाकीचे नारळ फोडून जात. त्यांच्या मनात राजकारण नव्हतं, आणि म्हणूनच पुढचं घडलं.

"आप्पा," आबा म्हणाले, "मग आपली चूक झाली की रं."

"कसली चूक, आबा?"

"ठाणं जिथं आई निघाली तिथं. ती ह्या बाईच्या जाग्यात निघालीच न्हाई. चाळणीत निघाली. वाळूतनं आली. म्हंजी ठाणं तुज्या वाळूच्या खड्ड्यात हाय. आपुन तिला तिच्या जाग्यावरनं हालीवलं. पाप झालं. आता देऊळ खड्ड्यापाशी बांधाय पायजे, आन् तिथली वाळू उपसायची बंद कराय पायजे."

त्या खड्ड्याला अख्खा गाव ओळखतो पण कुणी त्याचं नाव घेत नाही. नदीचं पात्र तिथं एवढं खोल गेलंय की उन्हाळ्यातही पोहायला कुणी उतरत नाही. तिथं रस्ता आहे पण कागदावर नाही, यंत्र आहे पण कुणाचं नाही, ट्रॉल्या जातात पण कुणाला दिसत नाहीत. तिथं देऊळ म्हणजे रोज आरती, जत्रा, मोबाइलवर शूटिंग, आणि प्राणप्रतिष्ठेला पाहुणे म्हणून तहसीलदार.

"न्हाई म्हंजी, आबा, तसं न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ नव्हता.

"कसं न्हाई? तूच म्हणला, आई तुज्याकडं हुती."

"म्हणलो, पर..."

"मग आईला खोटं पाडतो व्हय?"

मागून कुणीतरी खिदळलं. आत्या सतरंजीवरून उठली. मी तिला सभेत उठताना कधी पाहिलं नव्हतं.

"आबा म्हणत्यात ती खरं हाय," ती म्हणाली. "आई तिच्या घरी बसंल, मी माझ्या. आप्पा, देवळाला विटा लागल्या तर माझ्यातल्या न्या. पर चौथऱ्याच्या तेवढ्याच. भिंतीच्या नगं."

आता बाया हसल्या त्या वेगळ्या. माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा तसाच होता. एवढा अभ्यास, एवढा बादशहा, त्याची आई, छिन्नी, आणि निकाल लागला तो एका म्हाताऱ्याच्या भक्तीवर. मला अजूनही त्याचा थोडा राग आहे. आबांनी अंधश्रद्धा वापरून अंधश्रद्धेची गाडी अडवली, हे पत्रकात कुठल्या बाजूला छापायचं?

सभा ठरावाशिवाय उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांच्या स्वप्नात आई आल्याचं कळलं. मला पाण्यात सोड, असं ती म्हणाली होती. खड्ड्यापाशी नाही, खड्ड्यापासून लांब, पुलाच्या बाजूला, खोल पाण्यात. रोमच्या शांतीदेवतेला भीमेच्या पात्रातले वाळूचे ठेके इतके नीट माहीत असावेत, याचं मला कौतुक वाटलं.

त्याच दिवशी बँड लावून मिरवणूक निघाली. मी काठावर धावत गेले. ओरडून सांगितलं, की ती सरकारजमा करा, हजारो वर्षांची वस्तू आहे, पाण्यात टाकू नका. बँडवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि ढोल जोरात वाजवला. आप्पा गुडघाभर पाण्यात उतरले. शेंदरानं माखलेली चकती टोपलीत होती, फुलांत. ती त्यांनी होडीवाल्याकडं दिली, होडी मधे गेली, आणि बादशहा आईसकट बुडाला.

काठावर उभी राहून मी रडले नाही, शिव्या दिल्या. मग एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या म्हाताऱ्यांनी देव नदीत सोडले म्हणून ज्या माणसानं आम्हाला टोमणा मारला, तो स्वतः टोपलीत घालून देवी नदीत सोडून घराकडे निघाला होता. आमच्यांनी विचार करून सोडले. यांनी घाबरून. मी हे आप्पांना ऐकवलं. ते पँटची दुमड सोडवत म्हणाले, "पोरी, विसर्जन वेगळं आन् टाकणं वेगळं."

पुण्याच्या बाईला मी काय झालं ते कळवलं. ती म्हणाली, "निदान फोटो आहेत." तहसीलला जाऊन मी फोटो दाखवले. तिथल्या साहेबांनी विचारलं, "वस्तू कुठाय?" मी म्हणाले, नदीत. ते म्हणाले, "मग आम्ही काय करायचं?" त्यांच्या मागं भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याच्यावर आप्पा, हात जोडलेले.

आत्याचा स्लॅब मुदतीत पडला. चौथऱ्याच्या विटा तिनं धुऊन परत भिंतीत वापरल्या, शेंदूर लागलेली बाजू आतून. गृहप्रवेशाला वंदना झाली. गुरुजीही आले, आणि ओटा बघून 'छान उंची आहे' एवढं म्हणाले. मी सगळे गेल्यावर थांबले. आत्या उभी राहून भाकरी थापत होती. पीठ कडप्प्यावर सांडलं की फडक्यानं पुसायची, परत थापायची. दर भाकरीला पुसायची.

दारात चाळणी टेकवलेली होती. बाहेर ट्रॉलीचा आवाज गेला. वाळूची, आप्पांची. मी म्हणाले, "आत्या, खड्डा चालूच आहे. उद्या दुसऱ्या कुणाच्या चाळणीत असलंच नाणं येईल."

"येईल कशाला," ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "माझ्यातच दुसरं आलं हुतं की."

मी उठले. "कधी?"

"आप्पांनी काम बंद करायच्या आदल्या दिशी पयलं आलं. काम परत चालू झालं, वाळू चाळाय घेतली, तवा दुसरं आलं. तसंच. तोंड, आन् मागं बाई."

"कुठाय?"

तिनं हातातलं उलथनं भिंतीकडे केलं. सगळ्याच भिंतींकडे. गिलावा नवा, गुळगुळीत, कुठं काही दिसत नव्हतं.

"आत्या! अगं, ते म्युझियममध्ये... तू मला तरी सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर तू कागद काढला असता."

मी एका भिंतीवर हात ठेवला. मग दुसऱ्या. ती माझ्याकडे बघत होती, जराशी हसत.

"कुठल्या भिंतीत, ते सांग फक्त."

"बस," आत्या म्हणाली. "भाकरी गार होईल."